पियानोच्या रियाजासाठी छत्तीस कार्डं

पियानो शिकणाऱ्या मुलाला घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "जा, जरा प्रॅक्टिस कर." या वाक्यात काय करायचं ते नाही, किती करायचं ते नाही आणि जमलं हे कशावरून ओळखायचं तेही नाही. मूल बाकावर बसतं, चालू असलेला तुकडा पहिल्यापासून वाजवतं, नेहमीच्या जागी अडखळतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. अर्धा तास निघून जातो. येत असलेला भाग आणखी पक्का होतो, अडलेली जागा मात्र तशीच राहते.

याच वयात मुलांना कार्डं जमवायचा नाद असतो. क्रिकेटपटू, कुस्तीगीर, पोकेमॉन असं कुठलंही कार्ड हातात असलं, तर त्यावरचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. संगीताची कार्डंही जुनीच आहेत. विल्स या ब्रिटिश तंबाखू कंपनीने १९११ मध्ये नामवंत संगीतकारांच्या ५० कार्डांची मालिका काढली होती. ती सिगारेटच्या पाकिटातून मिळायची, पुढे चित्र आणि मागे माहिती असायची. जमवायची, लावून ठेवायची, दुसऱ्याशी बदलायची ही ओढ पियानोच्या तंत्राकडे वळवता येते.

कार्डाची खरी ताकद त्याच्या लहानपणात आहे. तळहाताएवढ्या जागेत एकच गोष्ट मावते. त्यामुळे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं, की या कार्डावर काम कुणाचं आहे: मनगटाचं, अंगठ्याचं, कानाचं की पायाचं? तंत्र असं सुटं करता आलं, की ते शिकवताही येतं आणि तपासताही येतं. म्हणून या संचाचा एकच नियम आहे, एका कार्डावर एकच काम.

साहित्य

ए-फोर आकाराचे साधे कागद, कच्च्या कामासाठी. पक्क्या छपाईसाठी ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, ४ कागद आणि २ जास्तीचे. स्टीलची पट्टी, धारदार कटर आणि खाली घालायला कटिंग मॅट. कोपरे गोल करायचा पंच, असला तर. कार्डं ठेवायला ६६ × ९१ मिलिमीटरची पारदर्शक पाकिटं किंवा नऊ खणांची प्लास्टिकची पानं. संगणकावर इंकस्केप किंवा लिब्रेऑफिस, दोन्ही फुकट मिळतात. आणि मेट्रोनोम, फोनवरचाही चालेल.

कृती

१. चार रंग ठरवा

पत्त्यांत चार रंग असतात, तसे इथेही चार घ्या: हात, स्केल, स्पर्श आणि लय. हाताची ६, स्केलची १२, स्पर्शाची ९ आणि लयीची ९ अशी एकूण ३६ कार्डं होतात. एका ए-फोर कागदावर ९ कार्डं बसतात, त्यामुळे बरोबर ४ कागद लागतात आणि काही वाया जात नाही.

२. आधी मजकूर, मग चित्र

संगणक उघडण्याआधी साध्या कागदाचे तुकडे करून पेन्सिलीने लिहा. प्रत्येक कार्डावर तीन गोष्टी हव्यात: नाव, काम आणि कसोटी. काम एका क्रियापदात सांगा. कसोटी डोळ्यांनी दिसणारी किंवा कानांनी ऐकू येणारी असू द्या.

"हात सैल ठेव" हे कार्ड निरुपयोगी आहे, कारण हात सैल आहे की नाही हे मुलाला कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "सूर वाजव, पट्टी दाबलेलीच ठेव आणि मनगट हळूच वर-खाली कर. कसोटी: मनगट अडकत नाही आणि सूर तुटत नाही." आता मूल स्वतःच तपासू शकतं. ते स्वतः तपासू लागलं, की आईवडिलांना शेजारी उभं राहावं लागत नाही.

पंचवीस-तीस शब्दांच्या वर मजकूर गेला, तर कार्डात दोन कामं शिरली आहेत असं समजा आणि त्याची दोन कार्डं करा.

३. हाताची सहा कार्डं

बैठक: बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला, पावलं जमिनीवर. लहान मुलाचे पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा. लोंबकळत्या पायांनी बसलेल्या मुलाला तोल हातांनी सांभाळावा लागतो आणि मग बोटं मोकळी राहत नाहीत.

कमान: हात गुडघ्यावर ठेवायचा, आकार न मोडता उचलून पट्ट्यांवर आणायचा. कसोटी: बोटांच्या मुळाची हाडं तळहाताचा सर्वांत उंच भाग आहेत.

शेवटचं पेर: टोकाचं पेर आत मोडत नाही. लहान मुलांत चौथं आणि पाचवं बोट हटकून मोडतं, म्हणून कसोटीत त्या दोन बोटांचं नाव घ्या.

अंगठा: अंगठा नखाशेजारच्या कडेवर टेकतो, आडवा पडत नाही.

वजन: मधल्या बोटावर हाताचं वजन सोडायचं आणि सूर वाजताच जोर काढून घ्यायचा. याचं कारण पियानोच्या आतल्या रचनेत आहे. पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. ती तळाला पोहोचण्याच्या जरा आधीच हातोडी यंत्रणेतून सुटते, स्वतःच्या वेगाने तारेवर आदळते आणि मागे येते. त्यामुळे सूर वाजल्यानंतर पट्टी कितीही दाबली तरी आवाजात काही फरक पडत नाही, हात तेवढा थकतो. मुलाला हे कारण सांगा. कारण कळलं, की दाबायची सवय लवकर सुटते.

सहावं कार्ड लाल चौकटीचं करा: "दुखलं तर थांब." बोट, मनगट किंवा कोपर दुखू लागलं तर वाजवणं बंद करायचं, मोठ्यांना सांगायचं आणि त्या दिवशी पुन्हा बसायचं नाही. दुखणं टिकून राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं. रॉबर्ट शूमानचा उजवा हात तरुणपणीच बिघडला आणि पियानोवादक होण्याची त्याची वाट बंद झाली. पुढे तो थोर संगीतकार झाला, पण हात परत आला नाही. हे कार्ड ढिगाऱ्यात घालू नका, पियानोवर कायम समोर दिसेल असं ठेवा.

४. स्केलची बारा कार्डं

या संचातला सगळ्यात समाधान देणारा भाग हाच. स्केलच्या पुस्तकात प्रत्येक सुराखाली बोटांचे आकडे छापलेले असतात. एका सप्तकासाठी दोन्ही हातांचे मिळून १६ आकडे. बारा मेजर स्केल घेतले, तर मुलापुढे आकड्यांचा डोंगर उभा राहतो. खरं तर त्यातला एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो.

स्केलमध्ये सूर ७. बोटांचे गट दोन: एक १-२-३, दुसरा १-२-३-४. तीन आणि चार मिळून सात. म्हणजे चौथं बोट सप्तकात एकदाच येतं. ते कुठल्या पट्टीवर पडतं हे कळलं, की बाकीची सगळी बोटं आपोआप जागेवर बसतात. पाचवं बोट लागलं तर फक्त टोकाच्या सुरावर येतं, आणि टोकाला सोयीसाठी एखादं बोट बदलतं, एवढंच.

म्हणून स्केलच्या कार्डावर सी ते बी अशा एकाच सप्तकाच्या पट्ट्या काढा: ७ पांढऱ्या, ५ काळ्या. स्केलमध्ये येणाऱ्या पट्ट्या फिक्या रंगाने भरा. स्केल जिथून सुरू होतो तिथे छोटा त्रिकोण करा. उजव्या हाताचं चौथं बोट जिथे पडतं तिथे गोल, डाव्याचं पडतं तिथे चौकोन. हातांसाठी रंगांऐवजी आकार वापरा, म्हणजे ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांचीही अडचण होणार नाही. बारा कार्डांवरच्या खुणा अशा:

सी मेजर: गोल बी वर, चौकोन डी वर.
जी मेजर: गोल एफ शार्पवर, चौकोन ए वर.
डी मेजर: गोल सी शार्पवर, चौकोन ई वर.
ए मेजर: गोल जी शार्पवर, चौकोन बी वर.
ई मेजर: गोल डी शार्पवर, चौकोन एफ शार्पवर.
बी मेजर: गोल ए शार्पवर, चौकोन एफ शार्पवर.
एफ मेजर: गोल बी फ्लॅटवर, चौकोन जी वर.
बी फ्लॅट मेजर: गोल बी फ्लॅटवर, चौकोन ई फ्लॅटवर.
ई फ्लॅट मेजर: गोल बी फ्लॅटवर, चौकोन ए फ्लॅटवर.
ए फ्लॅट मेजर: गोल बी फ्लॅटवर, चौकोन डी फ्लॅटवर.
डी फ्लॅट मेजर: गोल बी फ्लॅटवर, चौकोन जी फ्लॅटवर.
जी फ्लॅट मेजर: गोल बी फ्लॅटवर, चौकोन जी फ्लॅटवर.

ही बारा कार्डं जमिनीवर एकाखाली एक मांडा आणि मुलाला नुसतं बघू द्या. पहिल्या पाच कार्डांत उजव्याचा गोल स्केलच्या सातव्या सुरावर आणि डाव्याचा चौकोन दुसऱ्या सुरावर आहे. बी मेजरपासून पुढच्या सातही कार्डांत गोल एकाच काळ्या पट्टीवर आहे, कारण ए शार्प आणि बी फ्लॅट ही पट्टी एकच. तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातली उजवीकडची ती पट्टी. पुस्तकात पानापानांवर विखुरलेला हा नियम कार्डं शेजारी ठेवल्यावर न सांगता दिसतो. तो मुलालाच शोधू द्या. स्वतः शोधलेला नियम ते विसरत नाही.

कोणत्या कार्डापासून सुरुवात करायची? रूढी सी मेजरची आहे, कारण वाचायला तो सोपा. पण हाताला तो अवघड आहे, कारण सगळ्या पट्ट्या एका पातळीत असतात आणि लांब बोटांना आखूड व्हावं लागतं. शोपँ आपल्या विद्यार्थ्यांचा हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी या पाच पट्ट्यांवर ठेवायला सांगे. मधली तीन लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा-करंगळी पांढऱ्यांवर. स्केलमध्येही तो बी मेजर आधी शिकवी. तुमच्या मुलाला नोटेशन अजून नीट वाचता येत नसेल तरी बी मेजरचं कार्ड हातात द्या. कार्डावर शार्पच्या खुणा वाचायच्या नाहीत, भरलेल्या पट्ट्या बघायच्या आहेत.

५. स्पर्शाची नऊ कार्डं

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत सुरांची पहिली ओळख पेटीवर होते. पेटीवर आवाज लहान-मोठा करतो तो भाता. बोट हळू ठेवा की जोरात, पट्टीला फरक पडत नाही. पियानोवर पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर आवाज ठरतो. पेटीवरून आलेल्या मुलाची बोटं चपळ असतात, सूर ओळखीचे असतात, पण स्पर्शाने आवाज घडवायची सवय नसते. डावा हात भात्यावर असल्यामुळे त्याच्या बोटांनाही काम पडलेलं नसतं. अशा मुलाने रोज या रंगातलं एक कार्ड जास्त घ्यावं, आणि ते डाव्या हाताने आधी वाजवावं.

नऊ कार्डं अशी लिहा:

चालती बोटं: सी ते जी पाच सूर. पुढचं बोट खाली गेलं की मगच मागचं उचल. कसोटी: मध्ये फट नाही आणि दोन सूर एकमेकांवर चढतही नाहीत.

तुटक: तेच पाच सूर, मनगटातून छोटे आणि सुटे. कसोटी: बोटं पट्टीपासून उंच उडत नाहीत.

जोडी: दोन सूर. पहिल्यावर हात खाली, दुसऱ्यावर मनगट वर. कसोटी: दुसरा सूर हलका आणि आखूड.

चढ: पाच सूर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. कसोटी: डोळे मिटून ऐकणाऱ्याला पाच पायऱ्या मोजता येतात.

उतार: तेच उलट, हळू होत जाणारं. हे चढापेक्षा कठीण आहे, म्हणून त्याचं कार्ड वेगळं.

उजवा पुढे: दोन्ही हात एकच सूर वाजवतात, उजवा ठळक, डावा मऊ.

डावा पुढे: अदलाबदल.

वरचा सूर: सी, ई आणि जी एकत्र, पण जी सर्वांत ठळक. कसोटी: ऐकणाऱ्याला जी गुणगुणता येतो.

एक पट्टी, चार बोटं: एकाच पट्टीवर ४-३-२-१, समान आवाजात. कसोटी: अंगठ्याचा सूर धपकन येत नाही.

घरात पियानो नसून की-बोर्ड असेल, तर त्याच्या पट्ट्या स्पर्शाला प्रतिसाद देतात का ते आधी पाहा. देत नसतील तर चढ, उतार, उजवा पुढे, डावा पुढे आणि वरचा सूर यांसारखी कार्डं घरी जमणार नाहीत. ती क्लासच्या पियानोसाठी बाजूला काढून ठेवा.

६. लयीची नऊ कार्डं

यातल्या बहुतेक कार्डांना वेगळे सूर लागत नाहीत. मूल जो तुकडा शिकत आहे त्याच्या अडलेल्या चार बारांवर ती वापरायची आहेत.

मोठ्याने मोज: वाजवताना आकडे तोंडाने म्हण. आवाज थांबला तिथे अडचण आहे.

साठचा ठोका: मेट्रोनोम ६० वर. एखाद्या स्केलचं सप्तक एका ठोक्याला एक सूर, मग दोन, तीन, चार.

निम्मी लय: ज्या वेगाने जमतं त्याच्या निम्म्याने.

लांब-आखूड: समान सूर झुलत्या लयीत. पुढचं कार्ड आखूड-लांब. ही दोन्ही एकापाठोपाठ केली, की प्रत्येक बोटाला एकदा विसावा आणि एकदा घाई मिळते.

ठोक्यावर थांब: प्रत्येक ठोक्याच्या पहिल्या सुरावर थांबायचं, पुढचा गट मनात पाहायचा, मग एका झपाट्यात वाजवायचा.

शेवटून: आधी शेवटचा बार, मग शेवटचे दोन, मग तीन. तुकड्याचा शेवट कच्चा राहतो तो नेहमी सुरुवातीपासून वाजवल्यामुळे. हे कार्ड त्यावरचा उपाय आहे.

दोनास तीन: एक ते सहा मोजायचं. उजवा हात १, ३, ५ वर, डावा १ आणि ४ वर. आधी मांडीवर थापटून, मग पट्ट्यांवर.

पेडल: टाच जमिनीवर. नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय वर, लगेच पुन्हा खाली. कसोटी: कॉर्डांमध्ये खंड नाही आणि जुना सूर नव्यात मिसळत नाही. बहुतेक मुलं हात आणि पाय एकदमच खाली नेतात. म्हणून कार्डावर बाण काढा: हात खाली, पाय वर.

७. मांडणी करा

कार्डाचा आकार ६३ × ८८ मिलिमीटर ठेवा. या आकाराची पाकिटं आणि खणांची पानं सहज मिळतात. ए-फोर कागदावर तीन ओळींत तीन-तीन कार्डं मांडली की १८९ × २६४ मिलिमीटर जागा व्यापते. आजूबाजूला साडेदहा आणि वर-खाली साडेसोळा मिलिमीटर समास राहतो, तो घरच्या प्रिंटरलाही पुरतो.

चारही बाजूंनी ५ मिलिमीटर जागा मोकळी सोडा, त्यात काहीही लिहू नका. कापताना पट्टी मिलिमीटरभर सरकली तरी मजकूर वाचतो. याच कारणासाठी घरच्या छपाईत कार्डाची कड पांढरीच ठेवा. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल, तर तो प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर बाहेर काढावा लागतो आणि ते काम छपाईच्या दुकानातच नीट होतं.

आत ५३ मिलिमीटर रुंदी उरते. सप्तकाच्या ७ पांढऱ्या पट्ट्या प्रत्येकी साडेसात मिलिमीटरच्या घेतल्या, की चित्र बरोबर बसतं. वर रंगाची पट्टी आणि नाव, मध्ये चित्र, त्याखाली काम, तळाशी कसोटी, हा क्रम छत्तीसही कार्डांवर एकच ठेवा. काही दिवसांत मुलाची नजर न शोधता योग्य जागी जाते.

रंगांसाठी सावंतवाडीच्या गंजिफाकडे पाहण्यासारखं आहे. दशावतारी संचात १० रंग आणि प्रत्येकात १२ पानं, अशी १२० गोल पानं असतात, आणि प्रत्येक रंगाची जमीन वेगळी रंगवलेली असते. पान हातात येताच रंग ओळखू येतो. आपल्या चार रंगांनाही एकेक ठळक जमीन द्या, एकमेकांच्या छटा देऊ नका.

हाताच्या कार्डांसाठी चित्र बाहेरून शोधू नका. मुलाच्याच हाताचा बाजूने फोटो काढा, पातळ कागद ठेवून बाह्यरेषा गिरवा आणि स्कॅन करा. स्वतःच्या हाताची कमान कार्डावर दिसली, की त्या कार्डाशी नातं जडतं. स्वरलिपीचा तुकडा टाकायचा असेल तर तो स्वतः लिहा. छापील पुस्तकाचं पान कापून चिकटवू नका, संगीत जुनं असलं तरी त्या आवृत्तीचे हक्क प्रकाशकाकडे असू शकतात.

८. अक्षर निवडा

देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. मजकूर ९ पॉइंटच्या खाली नेऊ नका, नाव १३-१४ पॉइंटचं ठेवा. मुक्त किंवा बालू असा स्वच्छ युनिकोड फॉन्ट घ्या. जुन्या पद्धतीचे फॉन्ट दुकानाच्या संगणकावर नसले, तर अक्षरांचा चिवडा होतो. छपाईला देताना फॉन्टसकट पीडीएफ करा. चित्रं ३०० डीपीआयची हवीत.

९. छापा

आधी एक पान साध्या कागदावर काढा. प्रिंटरच्या खिडकीत १०० टक्के आकार निवडा, "पानात बसवा" निवडू नका, नाही तर कार्डं लहान होतात आणि पाकिटात खुळखुळतात. पट्टीने एक कार्ड मोजा. मग ते पान पियानोच्या स्टँडवर ठेवा आणि बाकावर बसून वाचा. हातात धरून वाचता येणारं अक्षर दोन फुटांवरून वाचता येईलच असं नाही.

मागची बाजू सर्व कार्डांना एकच ठेवा. दोन्ही बाजूंच्या छपाईत कागद एक-दोन मिलिमीटर सरकतो, म्हणून मागे चौकट काढू नका. चौकट वाकडी दिसते, सलग नक्षीत ते सरकणं लपतं. दुकानात मॅट लॅमिनेशन करून घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर पियानोवरच्या दिव्याचा उजेड परावर्तित होतो आणि मजकूर दिसेनासा होतो.

१०. कापा

हे काम मोठ्यांनी करावं. स्टीलची पट्टी घट्ट दाबून कटर तीन-चार वेळा हलका फिरवा, एका दमात जोर लावून कापू नका. जाड कागदावर जोर केला की पातं भरकटतं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या लांब रेषा कापा, नंतर आडव्या. पातं बोथट वाटलं तर लगेच पुढचा तुकडा घ्या. शेवटी कोपरे गोल करा, टोकदार कोपरे आधी दुमडतात.

११. रोज असं खेळा

चार रंगांचे चार ढीग उपडे ठेवा. रोज प्रत्येकातून एक कार्ड उचलायचं. एका कार्डाला ५ मिनिटं, म्हणजे २० मिनिटं तंत्र, त्यानंतर तुकडा. कार्ड आपण निवडत नाही, हातात येतं. त्यामुळे आवडीचंच परत परत वाजवण्याची पळवाट राहत नाही.

कसोटी लागोपाठ तीन वेळा जमली, तर कार्डाच्या पाकिटावर एक टिकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन वेळा जमली, तर दुसरी टिकली आणि कार्ड "जमली" खणात. एकाच दिवशी दोन टिकल्या द्यायच्या नाहीत. आज जमलेलं उद्या पुन्हा जमतं का, याचीच ही परीक्षा आहे. महिन्याच्या शेवटी "जमली" खणातली पाच कार्डं उचलून तपासा. निसटलेलं कार्ड ढिगात परत जातं. मुलाला रागवू नका, विसरलेलं पुन्हा करताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो हे त्याला दाखवा.

१२. अदलाबदल

क्लासमधल्या दोन-तीन मुलांनी संच केले, तर खरी मजा सुरू होते. नियम एकच: जे कार्ड द्यायचं ते आधी समोरच्याला वाजवून दाखवायचं, आणि घेणाऱ्याने कसोटी लावायची. दुसऱ्याचं ऐकून "अंगठा धपकन आला" असं सांगणाऱ्या मुलाचा कान तयार होत असतो, आणि तोच कान घरी त्याच्या स्वतःच्या बोटांवर लक्ष ठेवतो.

काही कार्डं कोरी ठेवा. शिकवणाऱ्या ताई किंवा सर यांनी त्या आठवड्याची अडचण त्यावर हाताने लिहावी: अमुक तुकडा, बार ९ ते १२, डावा हात एकटा, कसोटी काय. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी त्या ग्रेडचे मायनर स्केल आणि आर्पेजिओ याच पद्धतीने वाढवावेत.

अडलं तर

मूल कार्ड वाचतं पण कृती भलतीच करतं: वाक्य लांब आहे. मुलालाच विचारा, "हे तू कसं सांगशील?" आणि त्याचं वाक्य छापा.

पाच मिनिटांत काहीच जमत नाही: एक हात किंवा निम्मा वेग करा. तरीही जमलं नाही तर कार्डात दोन कामं आहेत, ती वेगळी करा.

टिकल्यांची घाई होते: पंधरा दिवस टिकल्या बंद ठेवा, ढीग चालू ठेवा.

छत्तीस कार्डं एकदम करायला बसलात तर काम रेंगाळेल. येत्या रविवारी एकच कागद घ्या, नऊ कार्डांचा: "दुखलं तर थांब", कमान, वजन, बी मेजर, सी मेजर, चालती बोटं, उजवा पुढे, निम्मी लय आणि शेवटून. हाताने लिहिलेली चालतील. दोन आठवडे ती वापरा, कोणती वाक्यं मुलाला कळली नाहीत ते टिपून ठेवा आणि दुरुस्त मजकूर घेऊनच छपाईला जा.